राहू द्यावे

दुसऱ्याच्या वाक्याला हात लावण्याचा अधिकार माणसाला विद्येने मिळतो की स्नेहाने, हा प्रश्न वरकरणी व्याकरणाचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा आहे. चूक दिसली की ती दाखविणे हे जाणत्याचे कर्तव्य होय, असे विद्या सांगते. स्नेह काहीच सांगत नाही. तो नुसता ऐकत बसतो. ज्याने आयुष्यभर पहिलीची आज्ञा पाळली, त्याला उतारवयात दुसऱ्याचे मौन ऐकू यावे, यासाठी फार मोठा प्रसंग ओढवावा लागतो असे नाही. एखादे सर्वनामही पुरते.

सकाळचा चहा झाला होता. एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून उभी हयात घालवून निवृत्त झालेले ते गृहस्थ (छापखान्यात त्यांना सगळे ‘अनुस्वार’ म्हणत, आधी पाठीमागे आणि पुढे पुढे तोंडावरही) कपबशा विसळून ओट्यावर पालथ्या घालीत होते. पत्नी जेवणाच्या टेबलाशी बसून समोरच्या इमारतीतल्या कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरीकडे पाहत होती. गेल्या थंडीत तिला झटका आला, त्यात उजवा हात मंदावला आणि शब्द उशिरा येऊ लागले. हात पुसता पुसता ते म्हणाले, “अगं, वही आणून देऊ का? तीन ओळी लिहून टाक, म्हणजे मग गॅलरीत उन्हात बसू.” चादरीवरची नजर न काढता ती म्हणाली, “आम्ही नाही लिहिणार, जा.”

ते हसले. लहान मुली रुसल्या की असेच बोलतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी हीही बोलत असे. एकटीच असायची आणि ‘आम्ही’ म्हणायची, जणू पाठीमागे तिच्या बाजूने भांडायला सगळी आळी उभी आहे. वाक्य सबंध आले होते, कुठे अडखळले नव्हते, याचाही त्यांना क्षणभर आनंद झाला. मग हातातला पंचा तसाच हातात राहिला. त्या ‘आम्ही’मध्ये एक कडी सरकवल्याचा आवाज होता. दार लागले होते, आणि आपण बाहेर आहोत, हे त्यांना आधी कानाला कळले, मग छातीला, आणि सर्वांत शेवटी बुद्धीला. कारण तो शब्द तिचा नव्हता. तो त्यांचाच होता. गेल्या आठवड्यात लाल पेन्सिलीने त्यांनीच तो तिच्या वहीत ठिकठिकाणी बसविला होता, आणि आज तिने तो जसाच्या तसा, नीट घडी घालून, त्यांना परत केला होता.

छापखान्यात नवा जुळारी, म्हणजे खिळे जुळविणारा, आला की ते त्याला आवर्जून सांगत: आपल्या भाषेत ‘मी’ची दोन बहुवचने आहेत, आणि त्यांच्यात उंबरठ्याएवढे अंतर आहे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. ‘आपण’ म्हटले की तो आत, पाटावर. “आम्ही जेवायला बसतोय, असं पाहुण्याला म्हटलंस तर तो चपला घालेल; आपण जेवायला बसू म्हटलंस तर हात धुवायला उठेल. खिळे जुळवताना पाहुण्याचं पोट लक्षात ठेव.” जुळारी हसत, आणि हसल्यामुळे त्यांना ते आठवत राही. इतका सूक्ष्म भेद इतक्या लोकांना शिकविणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरात तो कसा चालविला, याचा विचार करीत ते पंचा वाळत घालायला गॅलरीत गेले आणि चिमटा लावायचा विसरून तसेच उभे राहिले. खाली औषधाच्या दुकानाचे शटर वर गेले. सायकलवाल्याने नळीत पंप मारायला सुरुवात केली. तो एकसुरी फुसफुस आवाज त्यांना कुणीतरी फार धीराने एकच शब्द म्हणायचा प्रयत्न करीत असल्यासारखा वाटला.

वहीची कल्पना वाचोपचार करणाऱ्या मुलीची. तिला ती दोघे मास्तरीणबाई म्हणत, कारण तिच्या खोलीत भिंतीवर चित्रांचे तक्ते होते आणि चुकले तरी ती शाबास म्हणे. “काकू, रोज थोडंसं लिहायचं,” तिने सांगितले होते. “आज काय केलं, कशानं बरं वाटलं आणि उद्या काय करायचंय. एकेक ओळ पुरे. दिवस हातात राहतो, मन थाऱ्यावर राहतं, आणि बोलणं जिथं अडतंय तिथं लिहिणं वाट काढतं.” मग त्यांच्याकडे वळून, “आणि काका, तुम्ही मधे पडायचं नाही. शब्द त्यांच्या तोंडात घालायचे नाहीत. पोटात कळ आली तरी थांबायचं. चुका होऊ देत. हे बंद पडलं ना, तर बोलणंही आकसत जाईल.” त्यांनी मान डोलावली होती. अगदी मनापासून. जिला स्वतःला ‘थाऱ्यावर’ ऱ्याखाली जास्तीचे टिंब देऊन लिहायची सवय होती (तिच्या तक्त्यावर त्यांनी ते पाहिले होते), तिचे ऐकून मान डोलवायला त्यांना काहीच जड गेले नव्हते, एवढा तो मनाचा मोठेपणा होता.

शब्द तोंडात न घालणे फार कठीण निघाले. ती चष्म्याला ‘खिडकी’ म्हणू लागली होती. “अहो, माझी खिडकी कुठाय?” पहिल्या वेळी ते खरोखरीच उठून खिडकीकडे गेले, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला, मग दोघेही हसली. पुढे ते चष्मा आणून देत आणि देता देता हळूच म्हणत, “चष्मा.” ती म्हणे, “तेच ते.” टोपीला झाकण, पायऱ्यांना दात. “हे दात चढता चढता दमले हो मी.” त्यांना त्यात भाषेची मोडतोड दिसे आणि जीव कासावीस होई. पण कधी कधी, दुपारी डोळा लागण्याच्या आधी, चष्म्याला खिडकी म्हणण्यात काय वावगे आहे हे त्यांना सांगता येत नसे. डोळ्याला खिडकीच ती. पाणिनीच्या दारातून आलेल्या माणसाला असे विचार शोभत नाहीत, असे मनाशी म्हणून ते कूस बदलीत.

आणि जिचे शब्द असे वाट चुकत होते, तिचा धंदा काय होता? ती बसस्थानकावर उद्घोषिका होती. सबंध शहराला ती आपल्या आवाजाने गाड्यांपर्यंत हाताला धरून नेई. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.” ते ‘द्यावे’ असे येई की पोर्टरसुद्धा डोक्यावरचे ओझे सावरून ऐकू लागत. त्यांची पहिली भेटच त्या आवाजाशी झाली. ते कुठल्याशा परीक्षेला निघाले होते. कर्ण्यातून वाक्य आले: अमुक गाडी उशिरा धावत आहे. गाडी समोर उभी होती. तिचा चालक पायरीवर बसून केळे खात होता. जी उभी आहे ती धावत कशी असेल, आणि उशिरा तरी कशी धावेल, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. ते जिना चढून काचेच्या खोलीत गेले आणि एका सडपातळ मुलीला क्रियापदाचा काळ समजावून सांगू लागले. तिने सगळे ऐकून घेतले. मान एकीकडे कलती करून ऐकायची तिची रीत होती. मग काचेबाहेर बोट दाखवून ती म्हणाली, “तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण तेवढ्यात तुमची गाडी सुटली.” परीक्षा हुकली, पण पुढची गाडी येईपर्यंत बसायला त्या खोलीत दोन स्टुले होती. त्यांची लेक, जी आता दूर दुसऱ्या शहरात हिशेब तपासनिसाचे काम करते, तिला ही गोष्ट तोंडपाठ होती आणि ती तिचा शेवट नेहमी एकच करी: “बाबा बरोबर होते आणि बाबांची गाडी गेली.”

वहीला पेन्सिल लावली त्या दिवशीही ते बरोबरच होते. गेल्या आठवड्यातली ती सकाळ त्यांनी आता, गॅलरीत उभ्या उभ्या, पुन्हा उलगडली. ती न्हाणीघरात होती. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि सोबत तिचे गुणगुणणे. सूर तिला कधी सोडून गेला नव्हता. वही टेबलावर उघडी होती. ती लपवीत नसे. उलट लिहून झाले की पान त्यांच्या बाजूला वळवून ठेवी. त्यांनी ते आजवर सहज नजरेखालून घातले होते. पण त्या दिवशी सदऱ्याच्या खिशात लाल पेन्सिल होती. निवृत्तीनंतरही ती तिथेच राहत असे. पानातल्या ‘गुलाबी’वरची वेलांटी दीर्घच होती, बरोबर होती, त्यांना बरे वाटले. मग एक अनुस्वार भलत्याच अक्षरावर बसलेला दिसला. त्याला त्याच्या घरी पोहोचवावे, एवढेच मनात होते. मुलाची शेंबडी नाकपुडी पुसावी तसे, जाता जाता. पुढे काय झाले ते हाताला ठाऊक. पेन्सिल कागदाला लागली की तिला उतार मिळे. चाळीशीत डोळ्यांचा आणि मनगटाचा जो करार झाला होता, त्यात मन पक्षकार नव्हते. पान उलटले. मागचे पान, त्याच्या मागचे पान. दैनंदिनीत लिहिणारा एकटा असतो. तेथे श्रोता नाही. श्रोता नाही तेथे ‘आपण’ कसे? तेथे ‘आम्ही’ हवे. सर्वत्र समान केले पाहिजे. तीच त्यांच्या नावाजलेल्या कामाची खूण: एकदा घेतलेला निर्णय पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निभावणे. गुणगुणणे थांबले, कडी निघाली, ती केस पुसत बाहेर आली आणि टेबलाशी थांबली. तिने पाने चाळली. त्यांना वाटले ती म्हणेल, बरे झाले बाई. ती म्हणाली, “छान. स्वच्छ केलंत.” आणि तिने वही उचलून जादा दिवे, सुतळी आणि जुन्या किल्ल्या ठेवायच्या खणात नेऊन ठेवली. त्या ‘छान’चा त्यांनी छान असाच अर्थ घेतला होता.

पंचा खाली पडला होता. तो उचलून, चिमटा लावून ते आत आले. ती अजून तिथेच होती. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि कपाटावरच्या चष्म्याकडे बोट दाखविले. त्यांनी चष्मा दिला. आणि देता देता त्यांच्या लक्षात आले की या आठवड्यात त्यांनी ‘चष्मा’ हा शब्द एकदाही हळूच म्हटलेला नाही. कारण ती ‘खिडकी’ एकदाही म्हणाली नव्हती. ती बोट दाखवीत होती. मीठ: बोट. दार: बोट. पाणी: बोट. घरात शांतता होती आणि या शांततेला ते बिचारे सुधारणा समजले होते. चुका नाहीशा झाल्या होत्या, कारण चुकायला लागतात ते शब्दच तिने आत घेऊन ठेवले होते, सुतळी आणि किल्ल्यांपाशी. मास्तरीणबाईचे वाक्य त्यांना आता तिच्या त्या हसऱ्या आवाजात ऐकू आले, आणि हसरे असल्यामुळे ते अधिक भिववू लागले. आकसत जाईल. तळहातावर पाण्याचा ओला डाग आकसत जातो तसे? कडांकडून? शेवटी मध्यभागी काय उरते?

फोन वाजला. मुलगी रोज कचेरीत शिरण्याआधी जिन्यावरून फोन करी. तिच्या धापेवरून ती कितव्या मजल्यावर आहे हे आईला कळे. त्यांनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. “आई, काय म्हणतेस? झोप लागली? वही लिहिलीस?” तिचे ओठ शब्दाच्या आकाराचे झाले आणि पुन्हा सपाट झाले. पोटात कळ आली तरी ते थांबले. “आम्ही... बरे आहोत,” ती म्हणाली. “आम्ही कोण, राणीसाहेब? बाबांना धरून की वगळून?” “विचार त्यांना. त्यांना... येतं ते.” पलीकडचे पाऊल पायरीवर थबकले. “बाबा, काय केलंत?” “काही नाही गं. थोडं शुद्धलेखन.” “कशाचं? वहीचं? अहो बाबा!” मग तिला हसू आवरेना, आणि त्या हसण्यात थोडे रडूही असावे, कारण ती पुढे जे म्हणाली ते वाकडेतिकडे आले. “मी वसतिगृहातून पत्र पाठवायचे ना, तुम्ही उत्तरासोबत ते तपासून परत पाठवायचात. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या बाबांनी किती गुण दिले? मला आवडायचं हो ते. मला वाटायचं, म्हणजे बाबांनी एकेक अक्षर वाचलं. पण आईचं तसं नाही. आईला गुण नकोत. वाहक शिट्टी मारतोय, म्हणजे आमचा साहेब. ठेवते.” फोन ठेवला गेल्यावर पत्नीने डोळे मिटून घेतले. तिच्या ओठांच्या एका कोपऱ्यात, झटक्याने जरा खाली ओढलेल्या त्या कोपऱ्यात, मुलीच्या विनोदाचा अंश अजून रेंगाळत होता. त्या कोपऱ्याकडे पाहताना त्यांना नेहमी वाटे की तो चेहऱ्याचा भाग खाली उतरलेला नाही, कुणाचे तरी ऐकायला वाकलेला आहे.

“वही घेऊ का?” त्यांनी विचारले. डोळे न उघडता ती म्हणाली, “घ्या. अजून काही लाल करायचं... राहिलंय?” “नाही. वाचायची आहे.” “वाचलीच की.” “तपासली होती. वाचली नव्हती.” यावर तिने एक डोळा उघडला, त्यांना पाहिले आणि पुन्हा मिटला.

खणातून वही काढून ते तिच्या समोर बसले. अक्षर मोठे, मुलासारखे, उजवीकडे उतरत गेलेले. एकेका ओळीला तिने किती बळ लावले असेल ते कागदाच्या पाठीवर बोट फिरविले तरी कळत होते. त्यांनी स्वतःच्या लाल खुणा जणू परक्याच्या आहेत अशा रीतीने बाजूला सारून, खालचे मूळ वाचायला घेतले. जुन्या हस्तलिखितावरची टीकाकाराची काजळी दूर करून संहिता लावावी तसे. ‘आज आपण गॅलरीत बसलो. तुमचा चष्मा तुमच्या डोक्यावर होता आणि आपण तो घरभर शोधला. उद्या पुन्हा शोधू.’ ‘आज हात दुखला. तुम्ही भांडी घासताना तोंडाने रूपे म्हणत होता, त्याने बरे वाटले. उद्या विचारीन कसली.’ ‘आज मला तुम्हाला एक सांगायचे होते पण तोंडात आले नाही म्हणून इथे. तुम्ही शब्द देता तेव्हा माझा शब्द पळतो. रागावू नका. आपण दोघे हळू चालू.’ प्रत्येक ‘आपण’वर लाल रेघ होती आणि वर ‘आम्ही’. आणि, याचा तर त्यांना पूर्ण विसर पडला होता, प्रत्येक ‘तुमचा’वर लाल रेघ होती आणि वर नेटक्या अक्षरात ‘त्यांचा’. श्रोता नाही तेथे ‘तुम्ही’चा मध्यम पुरुष कसा? त्यांनी तो काढून टाकला होता. पानापानावर, न थकता, एकही जागा न सोडता, त्यांनी स्वतःला तिच्या समोरून उठविले होते आणि दूर, कुठेतरी तिसऱ्या पुरुषात नेऊन उभे केले होते.

त्यांचे बोट एका ‘आपण’वरच्या लाल रेघेशी थांबले. लहानपणी पाठशाळेत गुरुजी अस्मद् शब्द चालवायला लावीत: अहम्, आवाम्, वयम्. मधल्या आवाम्पाशी मुले घसरत, कारण बोलण्यात त्याचा कुठे उपयोग नव्हता. आम्ही दोघे, फक्त दोघे, यासाठी सबंध वेगळा शब्द! गुरुजी म्हणत, “बाळांनो, एकाचे जग लहान आणि पुष्कळांचे मोठे; पण दोघांचे निराळेच असते, म्हणून त्याला निराळे वचन.” मराठीत ते वचन राहिले नाही, ही खंत त्यांनी तरुणपणापासून बाळगली होती. आणि इथे, कापऱ्या अक्षरात, ते सगळे द्विवचन तिने ‘आपण’मध्ये आणून ठेवले होते. केवढा तो शब्द. त्यात मी आहे, तू आहे, आदराने हाक मारावी असा तो समोरचाही आहे, आणि माणूस एकटा असताना स्वतःला म्हणतो तेही ‘आपण’च. इतकी माणसे एका शब्दात भांडणावाचून नांदतात. त्यांनी त्यावर रेघ मारली होती, कारण समोर कुणी नाही असे त्यांना वाटले होते. समोर ते होते.

खोडरबर चालवून पाहिला; लाल रंग पसरला आणि कागद लाजल्यासारखा झाला. नवी वही आणावी, असे मनात आले. परंतु मग ती रूपे, तो घरभर शोधलेला चष्मा, ते ‘हळू चालू’ कुठे जाणार? तेव्हा त्यांना छापखान्यातले पहिले दिवस आठवले. शाईचा आणि ओल्या कागदाचा वास, आणि त्यांचे वरिष्ठ, ज्यांना सारे दादा म्हणत. तरुण ‘अनुस्वारां’नी उत्साहाच्या भरात एका वृद्ध लेखकाचा बरोबर शब्द चुकीचा समजून खोडला होता. दादांनी प्रूफ समोर ठेवले. “आता?” “नवं प्रूफ काढू.” “कशाला? शब्द आहे की अजून तिथंच. खोडला म्हणून तो मरत नाही. त्याच्या खाली टिंबं दे, आणि बाजूच्या समासात लिही: राहू द्यावे. बास. जुळाऱ्याला कारणं सांगायची नाहीत, त्याच्यापुढं गयावया करायची नाही. टिंबं दिसली की तो शब्द ठेवतो.” पुढे आपल्या कारकिर्दीत ती खूण त्यांनी फार क्वचित वापरली, आणि याचा त्यांना अभिमान वाटे.

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. खुर्चीचा आवाज होताच तिने डोळे उघडले. पेन्सिल पाहून तिचा चेहरा मिटू लागला. ते पाहूनही ते थांबले नाहीत. पहिल्या खोडलेल्या ‘आपण’खाली त्यांनी टिंबे दिली, सावकाश, रोप लावावे तशी एकेक. समासात लिहिले: राहू द्यावे. मग ‘तुमचा’खाली. मग पुढच्या ओळीत. ती पाहत राहिली. चादर वाऱ्याने फुगली, बसली. खाली सायकलवाल्याचा पंप थांबला होता.

“ही काय... नक्षी?” तिने विचारले.

“छापखान्यातली खूण आहे. तपासणाऱ्याचं चुकलं की अशी टिंबं देतात. म्हणजे खोडलेलं खोडलेलं नाही. शब्द आहे तिथं राहतो.”

“तपासणाऱ्याचं... चुकतं?”

“चुकतं की.”

“कुठं छापलंय का हे? फ्रेम करू.” ती बोलता बोलता थोडी पुढे सरकली. मग बोट वहीवर ठेवून, “हे... त्यांचा?”

“तुमचा. राहू द्यावे.”

“आणि हे?”

“आपण. राहू द्यावे.”

“बघा हं. परत म्हणाल... श्रोता नाही.”

“श्रोता आहे,” ते म्हणाले. “जरा ऐकायला कमी येतं त्याला, एवढंच.”

त्या वाकलेल्या कोपऱ्यातून हसू निघाले आणि हळूहळू सगळ्या चेहऱ्यावर पोहोचले. तिने डावा हात पुढे केला. “खिडकी द्या माझी.”

चष्मा टेबलावर, तिच्या कोपराशीच होता. त्यांनी तो उचलून, काचा सदऱ्याला पुसून, तिच्या हातात दिला. शब्द जिभेवर आला होता; तो त्यांनी चहाच्या शेवटच्या घोटासारखा गिळला. तिने खिडकी लावली, त्यांच्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि नवे पान उघडले. लिहायला वेळ लागला. किती, ते त्यांनी पाहिले नाही. ते तिच्या बोटांकडे पाहत होते, पेन्सिलीला धरताना पांढरी होणारी नखे, ओळ संपताना सुटणारा श्वास. मग सवयीने तिने पान त्यांच्याकडे वळविले.

‘आज आपण भाडंलो. बरे वाटले. उद्या पुन्हा.’

अनुस्वार चुकला होता. ‘भां’वर हवा होता तो ‘डं’वर जाऊन बसला होता, हट्टी पोरासारखा, पाय हलवीत. त्यांच्या मनगटातली शीर उडाली. तिने ते पाहिले. इतक्या वर्षांत तिला त्यांच्या मनगटाची भाषा पाठ झाली होती. तिने त्यांच्याकडे, मग शब्दाकडे निरखून पाहिले. पेन्सिल अजून तिच्याच हातात होती. सावकाश, जीभ दाताखाली धरून, तिने त्या शब्दाखाली स्वतःच टिंबे दिली: एक मोठे, एक लहान, एक जरा बाजूला. समासात लिहायला हात दमला होता. म्हणून तिने मान एकीकडे कलती केली, गळा साफ केला, आणि तो आवाज, ज्याने सबंध शहर गाड्यांपर्यंत नेले होते, तो कुठे न अडखळता त्या लहानशा खोलीत आला:

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. राहू द्यावे.”

त्यांनी लक्ष दिले. बाहेर ऊन गॅलरीत येऊन दोन खुर्च्यांवर बसले होते, आणि आत ती दोघे आधी कोण उठते याची वाट पाहत बसली होती. ज्या घरात एक जण शब्द शोधीत आहे आणि दुसरा तो न देता थांबला आहे, त्या घराला आयुष्य असो. त्यांच्या वेड्यावाकड्या ओळी, चुकीच्या घरी सुखाने राहणारे त्यांचे अनुस्वार, आणि पुरुष-वचनांच्या साऱ्या नियमांपलीकडचे त्यांचे ते ‘आपण’, ज्याच्या हातात शेवटची पेन्सिल आहे त्याने राहू द्यावे.